नाक्यावरची जोप

“उतर खाली!”

अराबा टॅक्सीतून उतरली. सात जणांच्या त्या खिळखिळ्या गाडीतले बाकीचे सहा तिच्याकडे बघत होते आणि त्यातला एक तर चक्क दात काढत होता. नाक्यावरच्या हवालदारानं कागद मागितले, तिच्याकडे नव्हते, एवढंच काय ते घडलं होतं. पासपोर्ट डाकारला विद्यापीठाच्या कचेरीत अडकलेला. तोच घ्यायला ती पहाटे निघाली होती. ती घानाहून वर्षभरासाठी सेनेगलला शिकायला आलेली. आज एकच्या आत कचेरीत सही केली नाही, तर जागा रद्द आणि मुकाट्यानं घरी परत. आता दहा वाजून गेले होते.

नाव विचारल्यावर तिनं ‘कुंबा जोप’ सांगितलं. तिथल्या सेंट लुई गावात ज्यांच्या घरी ती राहत होती, त्या रोखायाबाईंनी गेल्या रविवारीच तिला हे नाव आणि आपलं आडनाव दिलं होतं. “आता तू आमची. कुणी विचारलं तर बेधडक सांगायचं,” म्हणाल्या होत्या. तिनं सांगितलं, आणि हवालदाराचा अवतारच बदलला.

“जोप? तरीच! पिढीजात चोर तुम्ही. आणि खादाड! कागद काय, भातात कालवून खाल्लेस?”

“नाही, साहेब.”

“तुझा आजा माझ्या आज्याचा गुलाम होता. तूही गुलामच. चल, माझे बूट पूस!”

अराबाच्या तोंडचं पाणी पळालं. वर्दीवाल्यासमोर मान वर करायची नाही, उलट बोलायचं नाही, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. तिनं मान आणखी खाली घातली.

“चुकलं, साहेब. माफ करा. जाऊ द्या मला.”

हवालदारानं तिला नीट न्याहाळलं. मग वोलोफ सोडून तो फ्रेंचमध्ये बोलायला लागला, तेही अहो-जाहो करत.

“तुमचं खरं नाव काय, बाई?”

अराबाला हायसं वाटलं. चला, माणूस निवळला म्हणायचा! वेडी पोर. गाडीतलं हसणं कधीच थांबलं होतं, हे तिच्या लक्षातही आलं नाही. खिडकीतल्या मासेवाल्या आजीनं कपाळावर हात मारून घेतला.

“खोटं नाव सांगून प्रवास करताय. त्या बाकावर बसा, ठाण्यात जायचंय. ड्रायव्हर, तुम्ही निघा.”

ड्रायव्हरनं नाइलाजानं गाडी चालू केली. गाडी गेली की सगळंच गेलं. घरी आईनं अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं, पोरगी परदेशात शिकते म्हणून. त्या भीतीनं तिचं डोकंच फिरलं.

“नाही बसणार!” मोडक्यातोडक्या वोलोफमध्ये ती किंचाळली. “मी कुंबा जोप! रोखाया जोपची लेक! मला चोर म्हणतोस? आधी स्वतःचं पोट बघ! बटणं तुटायला आलीत! अख्ख्या गावाचा भात कुणी गिळला? गुलाम तू! तूच पूस माझे बूट!”

बोलून गेली, आणि मग तिला कळलं आपण काय करून बसलो ते. आता कानाखाली बसणार. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले.

आधी मासेवाली आजी हसली. मग सगळी गाडी. अराबानं डोळे उघडले, तर हवालदार पोट धरून हसत होता. त्यानं स्वतः गाडीचं दार उघडलं. “नीट ने रे हिला! आणि पुढच्या नाक्यावर सांग, माझी गुलाम आहे, अडवायचं नाही!”

गाडी सुटल्यावर अराबा मासेवाल्या आजीकडे वळली.

“आजी, माफी मागितली तर ठाण्यात नेत होता. आणि शिव्या दिल्या तर सोडलं?”

“त्याच्या छातीवरचं नाव नाही वाचलंस? न्जाय आहे तो. न्जाय दिसला की जोपनं त्याला शिव्या घालायच्या आणि त्यानं जोपला, हे आमच्या आज्या-पणज्यांपासूनचं नातं. माफी कसली मागतेस?” आजीनं तिच्या पाठीत धपाटा घातला. “कागद परक्यांचे तपासतात, पोरी. तुझी तर शिवी तपासत होता तो.”