कानातली विनी

"आता तरी बोला, बाबा," मालिकेत टॉमचं काम करणारा पोरगा म्हणाला, आणि कॅमेरा गिल्बर्ट हॅलमच्या तोंडावर येऊन थांबला.

गिल्बर्टला पुढचं अक्षर आठवत नव्हतं. पण तो घाबरला नाही. उजव्या कानात विनी होती.

"'तुझी आई गेली त्या दिवशी मी बंदरावर होतो,'" विनीने कानात सांगितलं.

"तुझी आई गेली त्या दिवशी मी बंदरावर होतो," गिल्बर्ट म्हणाला, आणि असा म्हणाला की दिव्याजवळचा माणूस च्युइंगम चघळायचा थांबला. आवाज अजून तोच होता. लीड्सच्या थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत पोचलेला, सिनेमात खलनायक होऊन चार-पाचदा मेलेला, टीव्हीवर वर्षानुवर्षं दर रविवारी खुनी पकडून देणारा. आवाज राहिला होता. शब्द तेवढे साले निघून गेले होते.

कानातल्या त्या बोंडाला सगळे श्रवणयंत्र समजत. गिल्बर्टच्या खिशात फोन चालू असायचा, आणि शूटिंग चाललेल्या घरामागच्या आवारात, त्याला दिलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये, विनी दुसरा फोन तोंडाशी धरून, मांडीवर संहिता घेऊन बसायची. लग्नाआधी ती लीड्सच्या त्याच थिएटरात प्रॉम्प्टिंग करायची. "फुकटचा प्रॉम्प्टर मिळावा म्हणून केलीन मला," असं ती पूर्वी चारचौघांत म्हणायची. हल्ली म्हणत नसे. हे बिंग फुटलं असतं तर ही मालिका गेलीच असती, वर पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं. गिल्बर्टला मरणाचं वाटत नव्हतं एवढं भय या गोष्टीचं वाटत होतं.

"'बोट आली नाही. मी वाट बघत राहिलो.'"

"बोट आली नाही. मी वाट बघत राहिलो."

मग कानात काहीतरी खळकन फुटलं. कप असावा.

"अरे देवा," विनी म्हणाली.

"अरे देवा," गिल्बर्ट म्हणाला.

कानात येईल ते बोलायचं, अशी जिभेला त्याने सवयच लावली होती. अर्थ लावायला थांबलं की ओळ हातची जायची.

"छातीवर कुणी बसलंय रे माझ्या."

"छातीवर कुणी बसलंय रे माझ्या."

समोरच्या पोराचे डोळे मोठे झाले. हे कुठे संहितेत होतं? पण पोरगा तयारीचा, तो गुपचूप गिल्बर्टच्या गुडघ्यापाशी येऊन बसला.

"हात उचलत नाहीये."

"हात उचलत नाहीये," गिल्बर्ट म्हणाला आणि त्याने आपला हातही लुळा सोडला.

तो सोडता सोडताच त्याला कळलं. ऊठ, लेका, ऊठ! पण अंगावर उजेड होता, आणि मॉनिटरच्या पडद्यामागून दिग्दर्शिका नेरिस अर्धवट उठून, तोंडावर हात धरून त्याच्याकडे बघत होती. कित्येक वर्षांत त्याच्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं.

"गिल." कानातला आवाज एवढासा झाला होता. "गिल, अरे हे संहितेतलं नाही. ये ना रे."

गिल्बर्टने ओठांवरून जीभ फिरवली.

"टॉम," तो म्हणाला. "टॉम, ये ना रे."

नाव बदलायचं भान त्याला होतं. मधलं वाक्य गाळायचंही होतं.

कानात नुसता श्वास राहिला, मग तोही नाही. गिल्बर्ट हलला नाही. कट म्हणेपर्यंत हलायचं नाही, ते हाडात मुरलं होतं. आणि नेरिसला कट म्हणवेना.

शेवटी एकदाची म्हणाली. "गिल्बर्ट, अहो काय केलंत हे! आमच्या लेखकाच्या बापाला सुचलं नसतं!" ती डोळे पुसत होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गिल्बर्ट तोवर खुर्ची पाडून दाराबाहेर गेला होता.

विनी कॅरॅव्हॅनच्या जमिनीवर पडली होती. चहा सगळीकडे सांडला होता, मुठीत फोन तसाच.

"आलो गं, विनी. आलो, आलो." त्याने तिचं डोकं मांडीवर घेतलं. तो रडला, अगदी खरं रडला. आपण किती नीच आहोत हे आज त्याला पुरतं कळलं. बाहेर पावलं वाजली तेव्हा त्याने तिची बोटं एकेक करून उघडली, फोन काढून आपल्या खिशात टाकला आणि कानातलं बोंडही उपसून काढलं.

रुग्णवाहिकेतून आलेली बाई बराच वेळ विनीची छाती दाबत होती. मग तिने हात काढून घेतले.

"केव्हापासून दुखत होतं यांना?" तिने विचारलं. "जरा आधी कळलं असतं तर... कुणाला काही म्हणाल्या होत्या का?"

दारात नेरिस होती, टॉम झालेला पोरगा होता, दिव्यावरचा माणूस होता. सगळे गिल्बर्टकडे बघायला लागले.

"मी आत काम करत होतो," गिल्बर्ट म्हणाला. "तिने हाक मारली असती, तर मी आलो नसतो का?"

त्याचा आवाज नेमका जिथे फुटायला हवा होता, तिथेच फुटला.