खोक्यातली चाहूल

खंडाळ्याच्या बंगल्याचा राखणदार नवशा माकडं हुसकायला साहेबानं दिलेल्या छऱ्याच्या बंदुकीनं नेम शिकत होता. पत्र्याच्या डब्यावर छरे खणखणायचे आणि शेजारची मेहमुदामावशी कावायची. म्हणून त्यानं चहाच्या खोक्यात चिंध्या कोंबल्या, तोंडावर गोणपाट सोडलं आणि त्यावर नेम धरू लागला. आवाज थांबला, आणि थोड्याच दिवसांत मावशीची तांबडी कोंबडी नाहीशी झाली.

मावशीच्या मनात पाल चुकचुकली. ती थेट पोलीस पाटलालाच घेऊन आली.

"न वाजता कोंबडी मारायला केलंस व्हय रे हे खोकं? तुजी बायकू बाया गेल्यापास्नं तुजी चूल थंड. आन् काल धूर कसला निघत हुता? पाटील, ह्याची बंदूक काढून घ्या!"

बंदूक गेली की नोकरी गेली, हे नवशाला ठाऊक होतं. तरी तो भांडला नाही. त्यानं गोणपाट हळूच वर केलं. आत चिंध्यांमध्ये अंड्यांवर तांबडी खुडूक बसली होती.

"ती बसल्यापास्नं एक छरा उडवला न्हाई, मावशी," तो म्हणाला. "कालचा धूर हिच्यासाठी कण्या शिजवल्याचा. बायाच्या लुगड्यात ऊब धरून बसलीय. तुमाला सांगितलं असतं, तर तुमी नेली असती."