सहा बाय तीन

नातवासाठी झोका घ्यायला माझा मुलगा अश्वजीत सदर बाजारातल्या दुकानात मलाही घेऊन गेला. "आई, पसंत तूच करशील," असं तो घरूनच म्हणाला होता, म्हणून मी ठेवणीतलं लुगडं नेसून निघाले. मला वेताचा लहान झोका आवडला. सून म्हणाली, "मम्मीजी, त्याला छतात कडी लागते. आपल्याकडे कुठे आहे?" मग तिनं स्टँडचा मोठा झोका दाखवला. दुकानदार म्हणाला, "दीदी, झूलने की जगह मिलाकर छह बाय तीन फुट लगेगा." "है ना भैया, खिड़की के पास. मी नाप घेऊनच आली," म्हणत तिनं पर्समधून चिठ्ठी काढली. खिडकीजवळ माझी खाट आहे. आमच्या दोन खोल्यांत तेवढी दुसरी जागा नाही. मी अश्वजीतकडे पाहिलं. तो झोक्याचा पट्टा ओढून बघत होता. "मागच्या पडवीत हवा मस्त येऊन राहिली आजकाल, आई," तो म्हणाला. त्याच खाटेच्या पायांना जुन्या लुगड्याची झोळी बांधून मी लहानग्या अश्वजीतला निजवत असे. दोरीचं टोक माझ्या पायाच्या अंगठ्याला असे. डोळा लागला, तरी झोळी हलत राही. "बोल न, कोणता घेऊ?" त्यानं विचारलं. "हाच घे, बाबू," मी म्हटलं. "माझ्या खाटेएवढाच आहे." अश्वजीतच्या हातून पट्टा सुटला. सुनेनं चिठ्ठीची घडी घालत दुकानदाराला सांगितलं, "भैया, यही पैक कर दो. मम्मीजी की पसंद है."