ओरेस्टचा कोपरा

मसुराच्या शेतात तो पुन्हा उभा होता. कमरेत थोडा वाकलेला, मान खाली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून डारका सलग तिसऱ्या संध्याकाळी त्याच्याकडे पाहत होती. तिच्या नवऱ्याला, ओरेस्टला, जाऊन दहा महिने झाले होते. मेलेला माणूस जुलैच्या उन्हात उभा राहत नाही, हे तिला कळत होतं. कळून भीती काही कमी होत नव्हती.

सकाळी ती मार्लीसला घेऊन त्या कोपऱ्यात गेली. मार्लीस पीक-सल्लागार, वयानं तिच्या लेकीएवढी. ओरेस्ट गेला तो याच जागी, गव्हाच्या कापणीत. तेव्हापासून डारकानं इकडे पाऊल टाकलं नव्हतं. गुडघ्याएवढ्या मसुरातून छातीएवढी झाडं दाटीनं वर आली होती. मार्लीसनं एक उपटलं आणि देठावरून अंगठा फिरवला.

"काकू, आपल्या रानमाठाला लव असते. हा गुळगुळीत आहे. वॉटरहेम्प. माठाचाच भाऊबंद, पण दक्षिणेकडचा. सास्काचेवानात मी कुणाच्या शेतात पाहिला नव्हता."

"फवारणी करू की."

"करा. हसेल तो तुम्हाला. निम्मी औषधं पचवून बसलाय. हातानं उपटायचा, बी धरायच्या आत. एकेका झाडाला लाखभर बी. तीन आठवडे आहेत तुमच्याकडे, मग जन्माचं दुखणं."

तो कुठून आला, हे डारकानं विचारलं नाही. दोन वर्षांपूर्वी ओरेस्टनं सीमेपलीकडून, अमेरिकेतून, जुना हार्वेस्टर आणला होता. असल्या यंत्रात परक्या शेतातलं तणाचं बी अडकलेलं असतं, म्हणून ते शेतात घालण्याआधी दिवसभर हवा मारून आतून साफ करायचं असतं. गहू पिकून उभा होता, म्हणून त्यानं केलं नाही. दुसऱ्याच्या शेतात तण दिसलं की गाडी थांबवून व्याख्यान देणारा माणूस! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मागच्या उन्हाळ्यात तो रोज संध्याकाळी 'दगड वेचायला' इथे यायचा आणि हिरवे हात घेऊन परतायचा. घरी दगड एकही आला नाही. आणि तिनंही कधी विचारलं नाही, याचं तिला आता फार वाईट वाटलं.

"काकू, हे बघा." मार्लीस पुढे गेली होती. कोपऱ्यातून फाटकाकडे विरळ झाडांचे पट्टे गेले होते, एकाला एक समांतर. "बारा आहेत. बारा कशाचे?"

डारका मसुरातच खाली बसली.

कुणी शेतकरी ऐन कापणीत वारला, की इथे शेजारी आपली यंत्रं घेऊन येतात आणि एका दिवसात त्याचं शेत कापून देतात. ओरेस्टसाठी बारा हार्वेस्टर आले. डारका "नको, नको" म्हणाली होती. इथे मदतीला आधी नकोच म्हणायचं असतं, आणि ते कुणी ऐकायचं नसतं. तिनं कोबीच्या पानांत भात गुंडाळून सगळ्यांना जेवू घातलं. हा कोपरा तेवढा ओरेस्टनं कापायचा ठेवला होता. अर्धवट राहिला बिचाऱ्याचा, असं सगळ्यांना वाटलं. शेवटी बाराही यंत्रांनी त्याच्या नावानं या कोपऱ्यात एकेक फेरा घेतला. टोप्या काढून माणसं रडली. मग फाटकातून निघून जो तो आपापला गहू कापायला गेला.

दुपारपर्यंत दोघींनी कोपरा साफ उपटला. संध्याकाळी डारकानं खिडकीतून पाहिलं. तिथे आता तणाची काडी नव्हती. तरी तो तसाच कमरेत वाकून उभा होता.

सांगितलं तर ओरेस्टच्या नावाला काळिमा. न सांगितलं तर बारा घरांच्या शेतांना कीड, आणि तीही उपकाराच्या बदल्यात. तिसऱ्या दिवशी ती गाडी काढून नेस्टरकडे गेली. तो बारा जणांचा म्होरक्या, तिच्या लेकीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता. ओरेस्ट पडला तेव्हा रस्त्यावरून धावत गेलेला पहिला माणूसही तोच.

नेस्टर ओसरीत बसला होता. तिनं उभ्यानंच सगळं सांगितलं. यंत्र, हिरवे हात, बारा पट्टे. "त्याला ठाऊक होतं आणि त्यानं लपवलं. तुमच्या शेतांत उगवला असेल तो माझ्या घरचा रोग आहे. अजून बी धरलं नाही, उपटा. मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

नेस्टर बूट ओढून पायात घालू लागला.

"चल. बाराही घरं फिरू. सांगायचं ते मी सांगतो."

"तुम्ही का? चूक त्याची आहे."

"त्यानं मला सांगितलं होतं, डारका."

"कधी? तुम्ही तर म्हणाला होता, तो काही बोललाच नाही!"

"सांगण्यासारखं वाटलं नाही ते. माझी बाही धरून दोनदा म्हणाला, 'नको रे, या कोपऱ्यात यंत्र घालू नका.'" नेस्टरनं तोंड फिरवलं. "मला वाटलं, मरतानाही माणूस संकोच करतोय."