मौलवींचं नाक

डोंगरातल्या नारिन गावच्या थंडीत तुर्दुबेक मौलवींची नाजूक कातडी पार सोलून निघायची आणि नाक लालबुंद व्हायचं. जन्मात व्होडकाचा थेंब चाखला नव्हता, तरी गाव गालातल्या गालात हसायचं.

यंदा त्यांच्या बायकोने, सुयुनने, तोंडाचा साबण बंद केला, कढत पाणी बंद केलं आणि रोज सकाळी स्वतः त्यांच्या चेहऱ्याला दुंब्याची चरबी चोळली.

"अगं, अंगाला मेंढराचा वास येतोय माझ्या," ते कुरकुरले.

"येऊ दे. दारुड्यासारखं दिसण्यापेक्षा बरं."

महिन्याभरात चेहरा निवळला. शुक्रवारच्या नमाजानंतर म्हाताऱ्या सापारने भरल्या डोळ्यांनी, सगळ्यांदेखत त्यांना मिठी मारली.



"सुटली ना एकदाची, मौलवीसाहेब? आता आमच्या पोरालाही सांगा, कशी सोडलीत ती."