दिव्यात येईल तेवढं

"आज तळं पाहिलं. उतरतं ऊन होतं गं. वाटलं, कुणी पितळेचं ताट घासून मांडलंय, नि आता त्यात आभाळ वाढणार."

हा आवाज टेलरबाईंच्या कानात अजून होता. किती वर्षांमागं, फोनच्या तारेतून खरखरत आलेला, एका तरण्या ड्रायव्हरचा. तो ड्रायव्हर, म्हणजे त्यांचा नवरा, आता पांढऱ्या मिशांनिशी त्यांच्याच कापड बेतायच्या टेबलावर ओणवा झाला होता. टेबलावर देशाचा नकाशा पसरला होता. देश एवढा मोठा, की दोन्हीकडून खाली लोंबत होता. समुद्र खिडकीकडं, वाळवंट टेलरबाईंच्या गुडघ्याशी.

"माझा खडू घेऊ नका हं," त्या म्हणाल्या. त्यानं तो आधीच घेतला होता.

जन्मभर मालाची गाडी हाकून तो नुकताच घरी बसला होता. "एकदा तुला सगळं दाखवीन," हे दर खेपेचं पालुपद. आता बोललेलं खरं करायची वेळ आली होती. जावयानं आपली छोटी गाडी दिली होती. लेक समोर बसून मोबाइलवर मुक्कामाच्या खोल्या शोधत होती. सगळं जमून आलं होतं, आणि म्हाताऱ्याला मात्र एकाच गोष्टीची धास्ती होती. बायको शेजारी बसणार, काच खाली करणार आणि विचारणार, 'अहो, ते तुम्ही सांगितलेलं कुठंय?' तेव्हा काय दाखवायचं?

"बाबा, वाळवंटात किती वाजता पोचाल? त्यांना आधी कळवावं लागतं."

"धर मध्यरात्र. वाळू निवलेली असते, टायर तापत नाहीत."

"बरं. आणि तळ्याकाठी?"

"तिथं थांबायचंच नाही. उतार वाईट आहे. उजाडायच्या आत उतरून घ्यायचा, रस्ता मोकळा मिळतो. खाली एक पंक्चरवाला आहे, देवमाणूस."

"बाबा, आईला पंक्चरवाला बघायला नाही न्यायचंय."

खडूची रेघ डोंगराला लागली. रेघ मात्र सुरेख होती. वळणं त्याच्या हातात होती, नकाशाकडं न बघताही आली असती.

"डोंगरावरून बर्फ कसा दिसतो हो?" टेलरबाईंनी विचारलं.

"चाकांना साखळ्या बांधाव्या लागतात," तो म्हणाला.

लेकीनं मोबाइल खाली ठेवला. "थांबा जरा. वाळवंट मध्यरात्री. तळं उजाडायच्या आत. डोंगर कधी चढणार?"

"दिवेलागणीला. पहाटेपर्यंत पलीकडं."

"म्हणजे सगळा देश तुम्ही आईला अंधारातच दाखवणार. मग घरीच दिवे घालवून बसवा की तिला. खर्च वाचेल."

ती आपल्याच विनोदावर खळखळून हसली, आणि मग तिला बापाचं तोंड दिसलं. खडू एका घाटात थांबला होता. तो त्या रेघेकडं असा बघत होता, जशी ती दुसऱ्याच कुणी काढली असावी.

"मी चहा टाकते," म्हणून लेक उठली आणि आत गेली.

टेलरबाईंनी नकाशावरची सुरकुती तळहातानं सरळ केली, शिवायला घ्यायच्या कापडाची करावी तशी.

"बर्फ पाहिलाय का हो तुम्ही?"

"दिव्यात येईल तेवढा."

"समुद्र?"

"वास यायचा. मी काच खाली ठेवायचो."

"आणि तळं?"

त्यानं खडू खाली ठेवला. "एकदा मुद्दाम गाडी उभी केली काठाला. काही दिसेना. खडा टाकला. डुबुक वाजलं, तेव्हा कळलं, पाणी आहे."

आत कपबश्या वाजल्या आणि गप्प झाल्या. लेक ऐकत असावी.

"रात्रभर गाडी, दिवसा गाडीच्या सावलीत झोप," तो म्हणाला. "हेच केलं. आता तुझ्यासाठी रस्ता आखायला बसलो, तरी हात अंधारातूनच गेला. आणि तू फोनवर विचारायचीस, आज काय पाहिलंत, पुढं काय लागतं. डांबर लागतं, असं सांगू का तुला? मग जुळवायचो. फोन ठेवला की लगेच दुसऱ्या दिवसाचं जुळवायला घ्यायचो. तळ्याला काय म्हणावं, बर्फाला काय म्हणावं. ते ताट एका रात्रीत नाही जमलं. आधी परात होती."

टेलरबाई हसल्या. डोळे टिपायला पदराचं टोक शोधू लागल्या, ते नकाशाखाली अडकलं होतं. त्यांनी ते सोडवलं नाही.

"मला कुठं तळं बघायचं होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या जोडीच्या त्या ड्रायव्हरचा रात्री स्टिअरिंगवर डोळा लागला ना, तो गेला, तेव्हापासून विचारायला लागले मी. म्हटलं, उद्या हिला काय सांगायचं, या काळजीत तरी जागे राहाल."