एकच देखावा, दोनदा

पोतनीस मास्तरांनी दोन्ही चित्रं वाळूत ओढून ठेवलेल्या होडीला टेकवली, आणि बघता बघता सगळा कोळीवाडा गोळा झाला. जाळी सांधणारे हातही थांबले. खरं तर थांबायला सवड नव्हती. दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा, आणि तिसऱ्या दिवशी हिरामण तांडेलाची नाव आठ माणसं घेऊन समुद्रात निघायची होती.

मास्तर अलिबागला मुलांना चित्रकला शिकवीत. शांत दिवस बघून काळूरामनं त्यांना आपल्या होडीतून खाडीच्या तोंडापर्यंत नेलं होतं. तिथून दिसणारं गाव त्यांनी दोनदा काढलं. एकदा साहेबी पद्धतीनं: पातळ रंग, सकाळचं धुकं, गाव असून नसल्यासारखं. आणि एकदा जुन्या देशी पद्धतीनं, जिचा मुंबईत हल्ली पुन्हा बोलबाला होता: काळी ठसठशीत रेघ, सपाट रंग, एकेक माड मोजून घ्यावा असा, आणि लाटांतले मासे होडीएवढे.

"पान्यातलं मासं वरनं कसं दिसतात वो?" ठमीनं विचारलं.

"दिसत नाहीत. पण आहेत हे ठाऊक असतं ना, म्हणून काढायचे."

"मंग मास्तरांनाच नेऊ या नावंवर," ठमी म्हणाली. "आमाला जालं टाकून बी ठाऊक होत न्हाय."

काळूराम मात्र धुक्याच्या चित्रापुढं मान वाकडी करून उभा होता. "मास्तर, ताड कुटं नेलात?"

"जरा उजवीकडे घेतला. चित्राला तोल येतो त्यानं."

यावर जो हशा पिकला, त्याचं कारण मास्तरांना समजावून द्यावं लागलं. समुद्रातून परतताना देवळाचा कळस आणि त्यामागचा उंच ताड एकावर एक आले, की नाव खाडीत घालायची. ताड कळसापासून सुटा दिसला तर समजावं, पुढं पाण्याखाली खडक आहे.

"तुमच्या तोलापायी आमची नाव फुटली की!" काळूराम म्हणाला. मास्तरांचे कान लाल झाले. देशी चित्रात ताड जागच्या जागी होता, एवढंच त्यांचं नशीब.

तेवढ्यात हिरामण आला. लोकांनी वाट दिली. तीस वर्षं नाव सुखरूप आत घालणाऱ्या माणसाला ती मिळतेच. त्याची बायको नीराबाई आधीपासून तिथं उभी होती.

"तांडेल, तू सांग, कनचं चांगलं?" काळूरामनं विचारलं.

हिरामणनं एक चित्र नाकाशी धरलं. मग दुसरं धरलं.

"दोनी येकच हायत," तो म्हणाला. "काय फरक हाय?"

पुन्हा हशा. मास्तर तर हरखूनच गेले. "व्वा, तांडेल! पद्धती वरवरच्या, आत देखावा एकच. हे कळायला मला दहा वर्षं लागली!"

नीराबाई हसली नाही. तिनं धुक्याचं चित्र उचलून पुन्हा नवऱ्यापुढं धरलं. "आनि ताड?"

"ताडाला काय झालंय? कलसावर तर हाय."

तांडेल मास्तरांची फिरकी घेतोय असं समजून लोक आणखीच हसले. नीराबाईनं चित्र सावकाश खाली ठेवलं. "चल, भात निवतोय," एवढंच म्हणाली. रोज ती त्याच्या चार पावलं पुढं चालायची. त्या दिवशी बाजूनं चालली, वाटेत दगड होते त्या अंगानं.

घरी आल्यावर तिनं दार लोटलं.

"कवापासनं?"

हिरामणनं आधी काय, कसलं, असं करून पाहिलं. मग खाली बसला. "शिमग्याच्या आदीपासनं. सगलं धुराट दिसतंय."

"आनि परवा आट मानसं घेऊन निगनार व्हतास? त्यात आपला पोरगा दयाराम?"

"दर्या कानानं वलखतो मी."

"खडक हाका मारतो काय?"

हिरामणनं आपले तळहात डोळ्यांपुढं धरले. ते तरी त्याला किती दिसत होते कोण जाणे.

"सांगाया तोंड उगडत न्हवतं," तो म्हणाला. "चार मानसं तांडेल म्हनून हाक मारतात."

"हाक तीच ऱ्हाईल. सुकानू दयाराम धरंल. तू त्याच्या बाजूला बस, नि चुकला की शिव्या घाल. त्या घालाया डोलं लागत न्हाईत."

हिरामण हसला, आणि हसताहसताच त्यानं डोळे पुसले. "बरं झालं बाय, तुला कललं," तो म्हणाला. मग भरपूर जेवला. कित्येक दिवसांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

नाव पहिल्या फेरीहून परत आली, त्या दिवशी नीराबाई दोन चांगली मोठी पापलेटं केळीच्या पानात बांधून मास्तरांच्या बिऱ्हाडी गेली. मास्तर ओशाळले. म्हणाले, "अहो, कशाला? चित्रं आवडली म्हणून?"

"व्हय."

"पण त्यातलं कोणतं, ते तर सांगा."

ते सांगणं तिला अवघड होतं. तिनं पदरानं हात पुसले, उंबऱ्यापाशी जरा घोटाळली.

"तुमी दोन काडलीत, ते लई झालं," ती म्हणाली. "येकच काडलं असतंत, तर चांगलं हाय म्हनून आमी सगली घरी गेलो असतो."